हात जोडले तिथे रेघ नव्हती

प्रिय वर्षू,

परवा कुंदनच्या फोनवर तू विचारलंस, बाबांची ती रील खरी आहे का, देवासाठी त्यांनी खरंच पट सोडला का. मी नुसतं "बरं आहे सगळं" म्हटलं आणि फोन तुझ्या भावाच्या हातात परत दिला. रागावू नको. हे समोरच बाजेवर बसले होते, आणि फोनवर मला बोलण्याआधी रडू येतं. लिहिताना निदान डोळे पुसून पुन्हा सुरू करता येतं. तुझ्या अकोल्याच्या घरी पत्र पाठवायची ही माझी पहिलीच वेळ. लग्नाला चार वर्षं झाली, पण धम्मदीपचं नाव या घरात निघत नाही. "पोरीचं तोंड पाहणार नाही" असं बाबा बोलले ते बोलले, आणि तो शब्द अजून कुणी मोडला नाही. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, सुंभ जळेल पण पीळ नाही जळायचा. म्हणून आधी पटाचंच सांगते.

शंकरपटावर, बैलजोड्यांच्या शर्यतीवर, बंदी होती तेवढी वर्षं हा माणूस घरात असून नसल्यासारखा होता. वांगी तोडायचा, मेथीच्या जुड्या बांधायचा, पण लक्ष कुठं तरी भलतीकडेच. तू कॉलेजात होतीस तेव्हा म्हणायचीस, आई, बाबांना बैल विकल्याचं दुःख आहे की हातातला कासरा गेल्याचं? बंदी उठली तेव्हा मात्र ते म्हणाले, आता गुडघे गेले, पोरं हाकतील. तीन हंगाम नुसते बांबूच्या आडोशाला उभे राहून पाहत होते. यंदा पेठेतला देवानंद स्वतः बैल घेऊन घरी आला. त्याची जोडी तुफान पळते, पण गाडी हाकणारा धुरकरी टिकत नाही. दोघं गाडीवरून पडून हात मोडून बसले. बैलांची नावं काय, तर बुलेट आणि वजीर! मी म्हटलं, बाई, आता बैलांनाही मोटरसायकलींची नावं. बाबा हसले, अंगणात गेले, बुलेटच्या मानेवरून हात फिरवला, आणि मला कळलं की आता हे ऐकत नाहीत. सत्तरीला टेकलेला माणूस. मी भांडले, अबोला धरला. ते म्हणाले, "एकच पट, वच्छला. मंग तू म्हनशीन तसं."

मी मान्य केलं, कारण मला दुसरीच धास्ती होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती. दिवाळीपासून काही तरी बिनसलं होतं. चहात दोनदा साखर पडायची. एकदा नांदगावच्या बाजारात भाजी विकून झाल्यावर घरी यायचं सोडून स्टँडवर बसून राहिले, कुंदन जाऊन घेऊन आला. मला वाटलं, पटाचं वेड लागलं तर डोकं ताळ्यावर येईल. आणि खरंच आलं ग! महिनाभर पहाटे उठून बैलांना फेरी मारून आणायचे, सरकीची ढेप स्वतः भिजवायचे. गालावर रंग आला होता. मला वाटलं, जिंकले तर हा माणूस मला परत मिळाला. म्हणून मीही महादेवाला नारळ बोलले.

पटाच्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अंजनगाव सुर्जीपासून, परतवाड्यापासून लोक आले होते. जुन्या माणसांनी बाबांना ओळखलं, खुशालराव आले, खुशालराव आले, अशी एकच हाळी. तुला आठवत असेल, आपल्याकडे महादेवाच्या लिंबापाशी शेवटची रेघ असायची, आणि रेघ ओलांडली की धुरकरी कासरा सोडून देवाला हात जोडायचा. जिंको की हरो, हात जोडायचे. यंदा गर्दीमुळे रेघ लिंबाच्या बरीच पुढं नेली होती, तिथं वायरीचं घड्याळ लावलं होतं. सकाळी देवानंदनं बाबांना चालत नेऊन ती जागा दाखवली. येताना तेच मला म्हणाले, रेघ पुढं नेली, बरं झालं, बैलांना थांबायला जागा मिळते. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. हे लक्षात ठेव.

एकेक जोडी पळत होती. ज्याला वेळ कमी लागेल त्याचा पहिला नंबर. आपली जोडी शेवटून दुसरी सुटली. वर्षू, काय सांगू, आमच्या लग्नाच्या वर्षी पाहिले होते तेच बाबा मला दिसले. ना काठी, ना शेपटीला हात, नुसती "हऽ हऽ" हाळी, आणि बैल जमिनीला पोट लावून येत होते. सगळं मैदान उभं राहिलं. लिंब आला, आणि बाबांनी कासरा सोडून दोन्ही हात जोडले. बैलांना वाटलं, झालं. ते ढिले पडले. रेघ पुढं होती. लोक ओरडले, खुशालराव, रेघ पुढं हाय, पण हे डोळे मिटून. बैल आपल्या गतीनं रेघेपर्यंत गेले, पण डोळ्याचं पातं लवावं एवढ्यानं पहिला नंबर गेला.

आधी हसले काही टारगट, म्हाताऱ्याला घरी बसवा म्हणाले. देवानंद डोकं धरून खाली बसला. आणि मग जुन्या माणसांपैकी कुणी तरी म्हणालं, पहिला नंबर समोर असताना देव नाही विसरला, याला म्हणतात धुरकरी. झालं! वारं फिरलं. ज्यांनी शिव्या दिल्या तेच पाया पडायला लागले. कुणी तरी ते फोनात घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी जिल्हाभर झालं. देवानंदनंच चौकात फ्लेक्स लावला, "पट हरला, मन जिंकलं", बाबांचा फोटो आणि खाली त्याचा स्वतःचा मोठा. अजून लोक येतात, फोटो काढतात. हे नुसते हसतात. लोक म्हणतात, किती निगर्वी माणूस.

खरं मी एकटी जाणते. गर्दीतून मी त्यांच्यापाशी पोचले तेव्हा ते बैलाच्या कपाळावर हात ठेवून उभे होते. मला हळूच म्हणाले, "वच्छला, ढवळ्या आज कावून थांबून गेला असन? आजारी तं नाई?" ढवळ्या जाऊन किती वर्षं झाली ग. तू शाळेत होतीस, बांधावर आपण त्याला पुरलं तेव्हा तू जेवली नव्हतीस. मी म्हटलं, दमला असेल. दुसरं काय म्हणणार? देव विसरला नाही म्हणून जग पाया पडतं, आणि माझा माणूस कोणत्या वर्षात उभा आहे तेच त्याला कळत नव्हतं.

अमरावतीला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, थांबत नाही, सावकाश वाढतो. आधी अलीकडचं जातं, जुनं मागून. गोळ्या चालू आहेत. कुंदनला सांगितलंय. गावात कुणाला नाही. लोकांचा देवभोळा धुरकरी त्यांच्यापाशीच राहू दे, मला काय करायचंय.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. गेल्या आठवड्यात त्यांनी भिंतीकडे पाहून विचारलं, "वर्षूचा फोटो कोनं काढला?" आणि कुंदनवर असे तापले की तो बिचारा बाहेर निघून गेला. तो फोटो भिंतीवरून त्यांनीच काढला होता, तुझ्या लग्नाच्या दिवशी. मी पेटीतून काढून पुन्हा लावला. तेव्हापासून रोज संध्याकाळी टोपी घालून फाट्यावर जाऊन बसतात. "पोरगी हॉस्टेलवरून येनार हाय, एकटी कशी येईन?" असं म्हणतात. दोन एसट्या पाहतात आणि परत येतात. सुंभ आहे तसाच आहे वर्षू, पीळच सुटून चालला आहे. त्यांनी तुला माफ केलं असतं तर मी वाजतगाजत बोलावलं असतं. माफ नाही केलं, विसरले आहेत, आणि मी तेवढ्यावरच तुला बोलावते आहे. तुला हे लागेल, ठाऊक आहे मला. तरी ये. धम्मदीपलाही आण. हे विचारतील, हा पोरगा कोणाचा? मी सांगेन, आपला जावई आहे. ते ऐकून चिडले, उठून बाहेर हो म्हणाले, तर समज की त्या दिवशी तू त्यांना पुरती आठवलीस. शिव्या खाऊन घे, पण ये.

वाट पाहणारी तुझीच,
आई