छत्तीस रूपांची वही

श्री

लिहून ठेवतो गोपाळकृष्ण रघुनाथ टकले, वस्ती कसबे पुणे, वय अडुसष्ट. डोळे गेले, बुद्धी जाग्यावर आहे. हा लेख कोणाच्या धाकाने करीत नाही. धाकाने जे केले ते खाली येईलच.

१. राहते घर चिरंजीव दिगंबराचे. मागील दारची खोली माझी कन्या श्यामला हिची, ती जिवंत असेतो. तिला तेथून उठवू नये.

२. कोथरूडची आमराई दोघांची. आंबे वाटताना माझे बंधू श्यामसुंदर यांस वगळावे. कारण पुढे आहे.

३. वही. वसई घेतल्यावर पुण्यात कैदेत असलेल्या पाद्री जुजे यांजकडे सरकारने मला लातिन शिकावयास धाडले, फिरंग्यांचे कागद वाचता यावेत म्हणून. भला माणूस. त्यांनी वहीत एक कृदंत घालून दिले: लेगेंदुस, लेगेंदा, लेगेंदुम. वाचावयाचा, वाचावयाची, वाचावयाचे. आपल्या 'वाचनीय'सारखे, व्हायलाच हवे, पण अजून झालेले नाही, असा अर्थ. तीन लिंगे, दोन वचने, सहा विभक्ती, मिळून छत्तीस रूपे. दिगंबराला बारासुद्धा आली नाहीत. श्यामला नऊ वर्षांची. दाराआडून ऐकून छत्तीसच्या छत्तीस घडाघडा म्हणे.

बाराव्या वर्षी ती विधवा होऊन माघारी आली. श्यामसुंदर चारचौघांत म्हणाले, पोरीने फिरंगी मंत्र जपला म्हणून जावई गेला. वाळीत टाकतील म्हणून मी भ्यालो. तिच्या हातून वही ओढून घेतली आणि पेटीत कुलूप लावून ठेवली. लेकरू उठून दळायला बसले.

येथे दिगंबराने लेखणी ठेवली. असली कलमे मृत्युपत्रात शोभत नाहीत म्हणाला, आणि उठून गेला. येथून पुढे श्यामला लिहीत आहे.

४. गेल्या श्रावणात तापात मी ती रूपे म्हणत होतो. स्त्रीलिंगी बहुवचनाच्या षष्ठीला अडलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "लेगेंदारुम, तात्या." चौदा वर्षांत तिने एक रूप हरवू दिले नव्हते. मला रडू आवरेना. माझा राग नाही आला का, असे मी विचारले.

"रागवायला सवड कुठं होती? दळण असायचं."

वही तिची. तिने ती उजेडात बसून वाचावी, वाटेल तिला शिकवावी. वहीला जो आग लावील त्याने माझे श्राद्ध करू नये. मुलगा असला तरी.

सही गोपाळकृष्ण टकले. अक्षर वाकडे आहे, मन नाही.

साक्षी: दत्तोबा गुरव. संभाजी घोरपडे. दोघे वस्ती कसबे पुणे.

शके १६७९, ईश्वरनाम संवत्सर, कार्तिक वद्य सप्तमी.

हस्ताक्षर: तिसऱ्या कलमापर्यंत दिगंबर, पुढे श्यामला. तात्यांनी शेवटी माझ्यासाठी एक वाक्य सांगितले ते मी लिहिले नाही. वाटणीच्या कागदात ते नको. मी ऐकले आहे.