तांबडीला बांधून ठेवू नकोस

प्रिय बाळू,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर निहारिकाचं नाव काढलं की तू फोन कट करतोस. आता कागद कसा कट करतोस ते बघते. फाडलास तर दुसरं लिहीन, मला इथे काम तरी काय आहे?

तुझ्या लेकीचा फ्लॅट सिंगापुरात, टॅम्पिनीस नावाच्या भागात, अकराव्या मजल्यावर. खाली सगळीकडे हिरवंगार गवत. जरा वाढलं की मेले मशीन फिरवतात आणि पोत्यात भरून नेतात. बघून जीव जळतो. ते गवत खायला एक गाय म्हणशील तर औषधालाही नाही. आणि अशा गावात बसून ही गायींचा अभ्यास करते! गायी ऑस्ट्रेलियात, त्यांच्या गळ्यात पट्टे, आणि ही इथे स्क्रीनवर बघते कुठली कुठे चरली, कधी व्यायली, वासरू किती वजनाचं. त्यातल्या एकीच्याही शेपटीला हात लावलेला नाहीस म्हटलं, तर म्हणते, आज्जी, कम्प्यूटरला शेपूट लागत नाही. तोंड तुझंच घेतलंय.

त्या गायी दुधाच्या नाहीत, मांसाच्या. त्यावरूनच तू घर डोक्यावर घेतलंस आणि पोरीला म्हणालास, पुन्हा उंबरा चढू नकोस. ऐकून मलाही बरं वाटलं नव्हतं. पण आपल्याकडे गोऱ्हा झाला की तू त्याचं दूध तोडतोस आणि हाडं निघाली की लांबच्या माळावर सोडून येतोस, तेव्हा तुझा धर्म कुठे चरायला जातो? तिच्या कळपात निदान सगळं दूध वासरू पितं.

तांबडीचे दिवस भरत आले. तू तिला गोठ्यात बांधून नुसत्या कडब्यावर ठेवलं असणार, मला न सांगता माहीत आहे. वासरू मोठं झालं तर अडेल, हे तुझं पालुपद. मागच्या वेळी तेच केलंस. वासरू धड उभं राहीना, चीक ओंजळभर, आणि गाय वर्षभर माजावर आली नाही. दोष कुणाला, तर इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला! निहारिका म्हणते, चारा तोडून वासरू सहज बाहेर येत नाही, गायच वाळते आणि कळा द्यायला तिच्यात दम उरत नाही. कुरणात पोटभर चरून व्यायलेल्या गायी वासराला नीट पाजतात आणि लवकर माजावर येतात. फार लठ्ठ झाली तरी अडते, म्हणून फासळ्यांवरून हात फिरवत राहायचा. हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. तिला ओढ्याकाठी चरायला सोड. व्यायल्यावर तर हात आखडूच नकोस, तेव्हा तिला वासराच्या दुधाचंही खायचं असतं.

हे सगळं निघतं कसं, तर खाली हॉकर म्हणून खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार आहे, तिथे जेवायला बसलो की तुझी लेक सुरू होते. तांबडीला काय घालतात, बाहेर सोडतात का, कास भरली का? बापाचं एका शब्दाने विचारत नाही. फोनवर तूही मला इथल्या पावसापाण्याचं विचारतोस, पोरीचं नाही. दोघांच्या मधे मी पोस्टमन. या वयात! वैताग आलाय मला तुमचा.

आता मुद्द्याचं ऐक. पुढच्या महिन्यात तिला ऑस्ट्रेलियात त्या कुरणांवरच नेमलंय, तीन वर्षांसाठी. त्याआधी मला घरी पोचवायला ती येतेय, तिकिटं काढून झाली. म्हणते, तुला फाटकाशी उतरवते आणि त्याच रिक्षाने परत जाते. मी ऐकून घेतलं, हो म्हटलेलं नाही. रिक्षाचा आवाज आला की तू बाहेर ये आणि तिची बॅग उचल. बोलू काही नकोस, बोललास की बिघडवतोस. नाही आलास, तर मीही त्याच रिक्षातून तुझ्या बहिणीकडे जाईन, सुलेखाकडे, कायमची. मग व्यायच्या वेळी तांबडीपाशी बसायला दुसरं कोणी शोध.

तुझीच, सध्या तरी,
आई