मापाचा कुर्ता

सोमवार, ३ जून

पोचले एकदाची! कंपनीने राहायला खोली दिली आहे, तीही कामाच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. पलंग, आरसा, कपाट, सगळं नवं कोरं. जिना उतरलं की कामावर. उशिराला सबब म्हणून काही उरलंच नाही.

काम ऐकून ताईला हसू आवरेना. मी काय करायचं, तर उभं राहायचं. प्रत्येक नवा कपडा आधी माझ्या अंगावर चढणार, मास्टर टाचण्या लावून तो बसवणार आणि मी सांगायचं, काखेत कुठे काचतं, बसताना कुठे ओढतं. मग त्या मापाने हजारो नग निघणार आणि दुकानांत जाणार. ताई म्हणाली, लहानपणी माझ्यापुढे दोन मिनिटं उभी राहायची नाहीस, आता भोग म्हणावं!

आई गेली तेव्हापासून ताईनेच मला वाढवलं, शिवणयंत्राच्या जोरावर. दुसरीत शाळा सोडली तिने. तिला अक्षर वाचता येत नाही, पण टेपवरचे आकडे आणि माझं अंग तोंडपाठ आहे. निघताना तिने माझा निळा कुर्ता पिशवीत घातला, मापासाठी. दहादा बजावलं, मापाचा कपडा ज्या दिवशी द्यायचा त्याच दिवशी परत घ्यायचा, दुसऱ्याच्या घरी ठेवायचा नाही. मास्टरांनी मागितला, मी दिला. संध्याकाळी घ्यायला गेले तर ते कामात बुडालेले. उद्या घेईन.

ही जाड डायरी मॅडमनी दिली आहे. मॅडम म्हणजे मालकीणबाई, दोन वर्षांपूर्वी एका खोलीत चार यंत्रांवर हे सगळं सुरू केलं त्यांनी. अंगाला जे जाणवेल ते रोज लिहायचं, असा हुकूम आहे. तर लिहिते की आज फार छान वाटतंय.

गुरुवार, ६ जून

आज एकवीस कपडे. पिवळ्या झग्याचा गळा मागे पडतो. करड्या कोटात हात वर केला की अख्खा कोट सोबत वर येतो. हिरव्या पँटमध्ये उभं राहता येतं, बसायची मात्र सोय नाही.

मास्टर साठीचे आहेत. तोंडात चार टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं अंदाजानेच घ्यायचं. दुपारी त्यांची एक टाचणी माझ्या कमरेत घुसली आणि मी असा काही टाहो फोडला की खालच्या मजल्यावरच्या शिवणाऱ्या बायका धावत आल्या. मास्टर ओशाळले. मग म्हणाले, ओरडत जा, ओरडतेस तोवर बरं आहे.

फिटिंगच्या खोलीत भिंतीशी सहा पुतळे आहेत. डोकं नाही, हात नाहीत, खाली लोखंडी दांडा. सगळ्यात जुन्या पुतळ्याला मी ठकी म्हणते. सकाळी आत गेले की आधी तिची चौकशी करते, ती बिचारी कधी उलटून बोलत नाही.

कुर्त्याचं विचारलं. शोधून देतो म्हणाले.

बुधवार, १९ जून

कंपनीची वाढ बघून डोळे फिरतात. मी आले तेव्हा आठवड्याला शंभर नमुने निघत, आता तीनशे. तीन शाखा उघडल्या, आणखी चार उघडणार. मॅडम जिन्यात उभ्यानेच जेवतात आणि जेवताना फोनवर दोन माणसं नेमतात. कालची जेवणाची खोली आज कापडाच्या गठ्ठ्यांनी भरली, म्हणून मीही उभ्यानेच जेवते. उभं राहायची इतकी सवय झाली आहे की पाय दुखायचेसुद्धा विसरले.

रोज सकाळी छाती, कंबर, खांदा मोजतात. आल्यापासून केसाइतकाही फरक नाही! मुद्दाम दोन दिवस भरपेट जेवले, तरी नाही. मॅडम सगळ्यांना बोलावून दाखवतात.

त्यांना आता मोठ्या मापासाठी कुणी हवं आहे. माझ्या तोंडून पटकन निघालं, माझी ताई आहे ना! ताई अंगाने भरलेली, आणि आयुष्यभर यंत्रावर वाकून तिची पाठ गेली आहे, तिने जरा उभं राहून कमवावं असं मनापासून वाटलं. मॅडमनी लगेच तिचा नंबर घेतला. मीही फोन केला. ताईने आधी हेच विचारलं, कुर्ता परत घेतलास का? उगाच बोलणी नकोत म्हणून मी म्हटलं, हो, त्याच दिवशी घेतला. ती विचार करते म्हणाली.

मंगळवार, २ जुलै

आज नव्वद कपडे. मास्टरांनी प्रत्येक वेळी विचारलं, कुठे काचतंय का? कुठेच नाही. हिरव्या पँटमध्येसुद्धा नाही.

संध्याकाळी कपडे बदलताना कमरेत एक टाचणी दिसली. गोल डोक्यापर्यंत आत गेलेली. सकाळच्या पहिल्या कपड्याची असणार, म्हणजे ती दिवसभर तिथेच होती. उपटून काढली. रक्त आलं नाही. भोकही नीट, गोल, कोरडं. बोटाने भोवती दाबून पाहिलं तर मांस दबत नाही.

मॅडमना सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. तीन महिन्यांची मुदत होती, पण आजच कायम करते म्हणाल्या.

मला ओरडायचं होतं आणि मी हसले.

शुक्रवार, ५ जुलै

ठकीचं कापड फाटलं होतं, मास्टर ते बदलत होते. मी अचानक आत गेले. खांद्याखाली, हाताचा जो खुंट उरलाय त्यावर, लशीचा वण आहे. पुतळ्याला लस कोण टोचतं?

मास्टरांनी घाईघाईने कापड ओढलं. मी त्यांचा हात धरला, माझ्याआधी इथे कोण उभं राहायचं ते सांगा म्हटलं. त्यांनी तोंडातल्या चारही टाचण्या काढल्या. पहिल्यांदा त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. तिचाही मापाचा कपडा परत घ्यायचा राहिला होता म्हणाले. बाकीच्या पाचजणींचाही.

कुर्ता मागितला. त्यांनी कपाट उघडलं. ताईने शिवलेला माझा कुर्ता धागा न् धागा उसवलेला. पाठ, पुढा, बाह्या, सगळे तुकडे वेगवेगळे, खिळ्यांना टांगलेले. प्रत्येकाखाली त्याच आकाराचा पुठ्ठा. मी म्हटलं, परत जोडून द्या. ते म्हणाले, एकदा उसवला की माप इथलं होतं पोरी, मला जोडता आलं असतं तर पहिलीलाच जोडून दिला असता.

म्हातारा रडत होता. मला त्याची चीड आली, कीव नाही आली.

सोमवार, ८ जुलै

पळाले. भर दुपारी, अंगावर फिटिंगचा लाल झगा होता तसाच. बसथांबा शंभर पावलांवर. साठ-सत्तर चालले असेन. मग गुडघे वळेनात. फुटपाथच्या मधोमध उभी राहिले. ओरडले, पण आवाज इतका बारीक की कुणी वळून पाहिलं नाही.

एक बाई थांबली. वाटलं, सुटले! तिने माझी बाही चिमटीत धरून कापड पाहिलं, सोबतच्या मुलीला म्हणाली, शिलाई बरी दिसते. आणि गेली.

दोन वॉचमन आले. पुतळे न्यायच्या ढकलगाडीवर मला आडवी ठेवून परत आणलं. फाटकाशी मॅडम उभ्या होत्या. झगा चुरगळला म्हणून वॉचमनना बोलल्या.

मंगळवार, ९ जुलै

आवाज गेला. पूर्ण.

ताईचा फोन आला. कानाला लावला. ती बोल ना, बोल ना म्हणते आहे आणि मी तोंड उघडून उभी. निरोप लिहून पाठवला तर ती वाचणार कशी? तिचं सगळं मीच वाचायचे.

ती म्हणाली, तुझ्या मॅडमचा फोन आला होता. तू बोलत नाहीस, माझ्या जिवाला घोर लागलाय, शुक्रवारी येतेच. मॅडमनी मापाचा कपडा आणायला सांगितलाय, तोही आणते.

फोन हातातून पडला. उचलायला वाकता येत नाही.

गुरुवार, ११ जुलै

डावा हात सकाळी पलंगावरच राहिला. दुखलंही नाही. उजवा आहे. उजवा शुक्रवारपर्यंत राहू दे, एवढंच —

मास्टरांना लिहून दाखवलं. ताईचा कपडा घेऊ नका. पाया पडले असते. त्यांनी वाचलं. मग मान फिरवून टाचण्या तोंडात घातल्या.

आज मला दांडा लावला. बरं वाटतं उभं राहायला. नको, असं लिहायचं नव्हतं — बरं नाही वाटत — मला बसायचंय — घरी, ताईच्या यंत्राशेजारी —

शुक्रवार, १२ जुलै

फिटिंगची खोली. पडद्यामागे ठेवलंय मला. डायरी इस्त्रीच्या टेबलावर, हाताला येते.

जिन्यावर पावलं. ताई. चपलेवरून ओळखलं.

फटीतून दिसते. थकली आहे. विचारते, माझी धाकटी कुठे. मॅडम म्हणतात, कामात आहे, येईलच, तोवर माप देऊन टाका.

ताई, इकडे बघ. चार पावलं. पडदा ओढ.

डायरी खाली टाकू? तिला वाचता —

मास्टर विचारतात, कपडा आणलात? ती पिशवी उघडते. तिचा तपकिरी कुर्ता. हातातच धरलाय. देत नाही. शाबास. देत नाही. विचारते, आजच्या आज परत मिळेल ना?

मास्टर टेप उलगडतात.

ताई हसते. म्हणते, मिळेलच म्हणा, आमच्या धाकटीचा त्याच दिवशी दिलात ना तुम्ही.

नाही ताई — खोटं — मी खोटं सांगि —

तिने कुर्ता पुढे केला. ताई, देऊ न