टपावरचा गंज

मुक्काम मूल,
आश्विन वद्य षष्ठी

प्रिय स्वाती,

सकाळची पूजा आटोपून, देवापुढची समई अजून तेवत असतानाच लिहावयास बसलो आहे. फोनवर मला नीट बोलता येत नाही. माझे वाक्य मनात जुळून येते तोवर तू ‘ठेवते बाबा’ म्हणालेली असतेस. म्हणून कागद घेतला.

तुझा निरोप मिळाला. नाशिकहून गडचिरोलीच्या रुग्णालयात तुझी बदली झाली, पुढील महिन्याच्या एक तारखेस परिचारिका म्हणून रुजू व्हायचे आहे, तेथेच एक खोली पाहून ठेवली आहे, आणि मूलच्या अंगणात पडून असलेली तुझी गाडी मी भंगारात देऊन टाकावी. चार गोष्टी, चारही स्पष्ट. मूलहून गडचिरोली एसटीने तासाभराची वाट. तरीही तू घरी राहणार नाहीस. याचे कारण मला ठाऊक नाही असे म्हटले तर ते असत्य ठरेल. तू घरी राहावेस अशी माझी इच्छा आहे. ती आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना बाबांच्या मनात काय आहे याचा शोध तुला घ्यावा लागणार नाही.

गाडी भंगारात गेली नाही. भंगारवाल्याला मी बोलावले होते खरे. त्याच्या समक्ष गाडीवरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या, ती आणि तिच्याखालचे जुने ब्लँकेट ओढून काढले आणि टप पाहून मी पायरीवरच बसलो. तुझा तो आकाशी रंग पापुद्र्यापापुद्र्याने सुटला होता. खाली विटकरी गंज, आणि मधोमध भंगारवाल्याने बोटाने ठोकून पाहिले तर बोट आत गेले. माझी चूक कशी घडली ते ऐक. दर दसऱ्याला मी या गाडीची पूजा करीत आलो. परंतु ताडपत्री उचलायची ती बॉनेटपुरती. हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढायचे, झेंडूची माळ घालायची, नारळ वाढवायचा आणि दोऱ्या पुन्हा घट्ट बांधायच्या. असे चार दसरे झाले. वर काय चालले आहे ते एकदाही पाहिले नाही. भंगारवाला वजनाचा अंदाज बांधू लागला तेव्हा मला ते ऐकवेना. त्याला चहा देऊन परत पाठविले आणि मुश्ताककडे गेलो.

मुश्ताक तुला आठवत असेल. सातवीत माझा विद्यार्थी होता. अक्षर इतके सुरेख की शाळेच्या भिंतीवरील सुविचार तोच लिहीत असे. आता गडचिरोली रोडवर त्याचे डेंटिंग-पेंटिंगचे दुकान आहे. त्याने गाडी ओढून नेली, टपावर हात फिरविला आणि ताडपत्रीनेच घात केला म्हणाला. राइस मिलच्या भट्ट्यांची कोंड्याची राख खाली शिरायची, पावसाळ्यात ती ओली व्हायची, आणि वर झाकण असल्याने ओल बाहेर पडावयास वाट नव्हती. मी म्हटले, झाले ते झाले. वरून चांगला जाड रंग मारून दे. त्याने मान हलविली. “मारून देतो गुरुजी, मले काय जाते? पन सहा महिन्यांत फुगून येईन. आधी खरवडा लागते, पत्रा दिसेपर्यंत.” वर्गात कधी उलट उत्तर न देणारा मुलगा, पण तो हे इतक्या सहज बोलला की मी निमूटपणे स्टूल ओढून तेथेच बसलो.

सहा दिवस रोज गेलो. नुसते बसवेना, म्हणून तिसऱ्या दिवशी मीही हात लावला. पत्रीने, म्हणजे खरवडायच्या पात्याने, पापुद्रे काढायचे, तारेच्या ब्रशने गंज घासायचा, मग पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घोटायचा. पासष्ट वर्षे सहाणेवर गंध उगाळलेला हात. तो आपोआप गोल फिरे आणि पत्र्यावर गोल ओरखडे उठत. मुश्ताकने दोनदा सांगून पाहिले, तिसऱ्यांदा म्हणाला, “गुरुजी, चंदन नोका उगाळू. सरळ हात चालवा.” दुकानातली सारी माणसे हसली, मीही हसलो. सरळ हात चालविणे मला दोन दिवसांनी जमले. जेथे बोट गेले होते तेथे त्याने पत्र्याचा तुकडा कापून वेल्डिंगने जोडला, गंज मारणारे औषध लावले, त्यावर लाल प्रायमर, मग लांबी, म्हणजे खळगे बुजविणारी पुट्टी, भरून पुन्हा घोटाई. एवढे झाल्यावर रंग. दुपारच्या नमाजाला तो जाई, तेव्हा मी माझे स्तोत्र म्हणत घाशीत राही. तो परत आला की माझा घासलेला भाग बोटाने तपासून पाही आणि बहुधा पुन्हा घासावयास लावी.

आता ताडपत्रीविषयी. राखेमुळे झाकली, असे मी तुला, शेजाऱ्यांना आणि स्वतःलाही सांगत आलो. राख पडते हे खोटे नाही; तुळशीच्या पानांवरही काळे कण असतात. परंतु तू ऊर्जानगरहून, सासर कायमचे सोडून, एकटी ती गाडी चालवीत आलीस, तेव्हा मी पहिल्याच दिवशी बाजारातून ताडपत्री आणली, आणि तेव्हा माझ्या मनात राख नव्हती. स्वातीची गाडी येथे का, जावई कोठे आहेत, असे कोणी विचारू नये एवढेच होते. मंदिरात मी प्रवचने करणारा माणूस. संसार कसा करावा हे लोकांना सांगत आलेला. माझ्याच मुलीचे नांदणे दीड वर्षात संपले, हे मला उच्चारवेना. विचारणाऱ्यास मी सांगत गेलो की दोघेही नाशिकला असतात, सुटी मिळत नाही. तू वर्षातून दोन दिवस येऊ लागलीस आणि तेही अंगणाबाहेर न पडता. तू का बाहेर पडत नाहीस हे मी कधी विचारले नाही, कारण उत्तर मला माहीत होते.

परवा रविवारी रंगाचा पहिला हात बसला होता. टप उन्हात उघडा, गाडी अगदी रस्त्याला लागून. आपल्या शेजारच्या इंदुताई धानाच्या कापणीहून परतत होत्या. गाडी ओळखून थांबल्या. स्वाती येऊन राह्यली का, म्हणून विचारले. तुझी गडचिरोलीला बदली झाल्याचे मी सांगितले आणि पाठोपाठ ते नेहमीचे वाक्य ओठांवर आले, जावईबापूंना मात्र सुटी नाही. मुश्ताकने नेमका तेव्हाच कंप्रेसर बंद केला. त्या शांततेत माझ्याने ते वाक्य बोलवेना. मी म्हणालो, “इंदुताई, जावई आता आपले राहिले नाहीत. स्वाती चार वर्षांपूर्वीच त्या घरून निघून आली. मी तुम्हां सगळ्यांशी खोटे बोलत होतो.” त्यांनी डोक्यावरचा भारा खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसले. “मालूम हाये गुरुजी. साऱ्या गल्लीले मालूम हाये. तुमाले सांगाले जड जाते म्हनून आमीच इचारत नोहतो.” मी स्टुलावर टेकलो. मग त्याच म्हणाल्या, “अन् ताडपत्री टाकली म्हनून गाडी दिसत नाई का? चाकं तं खालतून दिसतच होते.” मुश्ताक डबा ढवळण्याच्या निमित्ताने पाठमोरा झाला, त्याचे खांदे हलत होते. भारा पुन्हा डोक्यावर घेताना इंदुताईंनी निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहितो: पोरीले म्हनाव, यंदाचा नवा तांदूळ तुह्यासाठी ठेवला हाये, येऊन घेऊन जाय.

स्वाती, चार वर्षे हे लोक माझी लाज सांभाळीत होते. तुझ्याविषयी वेडेवाकडे बोलावयास त्यांच्यापाशी काही नव्हते. भीती होती ती एकट्या माझीच. आणि तिच्यापायी, दिवसाउजेडी आपल्या रस्त्याने चालण्यास तू मात्र मुकलीस.

गाडीला दोन हात झाले आहेत, तिसरा उद्या. रंग तोच, आकाशी. मुश्ताकने दाराच्या आतल्या बाजूच्या जुन्या रंगाशी लावून जुळविला. नवी बॅटरीही बसविली आहे. एक महिना वर काहीही घालायचे नाही, अशी त्याची सक्त ताकीद आहे.

पण ज्यासाठी लिहावयास बसलो ते अजून राहिलेच आहे. तू आलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी चहा घेताना तू मला विचारले होतेस, “बाबा, यात माझं काही चुकलं का?” मी त्यावर तुला पुराणांतील सोशिक स्त्रियांच्या कथा सांगितल्या. तासभर बोललो, दृष्टांतामागून दृष्टांत. तू ऐकून घेतलेस, दोन्ही कप विसळून ठेवलेस आणि आत जाऊन बॅग भरू लागलीस; गाडी येथेच सोडून नाशिकला गेलीस. तू कथा मागितली नव्हतीस. तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे होते आणि इतके ग्रंथ वाचूनही मला ते देता आले नाही. ते आज देतो. नाही. तुझे काहीही चुकले नव्हते. तू निघून आलीस ते योग्य केलेस. तुझ्या बापाने त्याच दिवशी तुझ्या शेजारी उभे राहावयास हवे होते. हे वाचून गडचिरोलीच्या खोलीतच राहावे असे तुला वाटले, तर सामान लावावयास मी येईन आणि पुन्हा घराचा विषय काढणार नाही. मूलला यावेसे वाटले, तर तुझी खोली झाडून ठेवली आहे. दोहोंपैकी काहीही कर. मात्र हे उत्तर तुझे आहे, ते ठेवून घे.

तुझाच,
बाबा