निळी किल्ली आणि माझी बदली

३ मार्च
बदलीचा पाचवा अर्जही परत! साहेबांनी न वाचताच टेबलावरून सरकवला. "बाई, तुम्ही गेलात तर जन्माचे दाखले कोण काढणार?" खोटं नाही. दाखल्यांचं सॉफ्टवेअर एका खासगी कंपनीचं, चालतं ते बोटाएवढ्या निळ्या किल्लीवर – कॉम्प्युटरला लावायची – आणि ती माझ्याच नावावर. दुसऱ्या कोणाला शिकवायला कंपनीची परवानगी नाही. आमचे हे आणि लेक तिकडे ह्यांच्या गावी, बसने सात तासांवर. मी इथे चार वर्षं, किल्लीसारखीच खुपसलेली.

४ मार्च
लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांना आता वेणी घालता येते!" आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

९ मार्च
डोकं चालवलं! साहेबांना टिपणी दिली – ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेऊ या. कोड उघडा, किल्ली नको, कोणीही शिकावं, कोणीही दुरुस्त करावं. साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "आणि बिघडलं तर कोणाच्या नावाने खडे फोडायचे?"
"माझ्या," म्हटलं. तेव्हा कुठे टिपणी फाइलीत गेली.

१७ मार्च
किल्लीने मान टाकली. कंपनीचा माणूस म्हणे, सोमवारी बघू. खिडकीवर ही रांग! एक बाई बाळाला कडेवर घेऊन तीनदा आली – दाखल्याशिवाय बाळाच्या ऑपरेशनची तारीख मिळेना. साहेब घामाघूम. "ते तुमचं उघडं काय ते – बसवा एकदाचं!"

२ एप्रिल
बसवलं. चालतंय!! नवी ऑपरेटरही आली. तोंड मिटत नाही, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. तिला शिकवतेय, काही म्हणजे काही हातचं न राखता. स्वार्थ आहे माझा, आहेच! ती तयार झाली की मी सुटले.

११ एप्रिल
मुद्दाम रजा टाकली. दिवसभर फोन हातात धरून बसले. एकदाही वाजला नाही! रेडिओने एकटीने सगळं निभावलं. पलंगावर बसून रडले, मग बॅग काढून झटकली.

२० एप्रिल
मुख्य कार्यालयाचं पत्र! तिकडच्या – ह्यांच्या गावच्या – कार्यालयातही हेच बसवायचंय. इथलं एक शिकलेलं माणूस कायमचं पाठवा म्हणतात. सहावा अर्ज तिथल्या तिथे लिहिला. ह्यांना सांगूनही टाकलं. राहवलंच नाही. फोनमागे लेक नाचत होती, ऐकू येत होतं.

२३ एप्रिल
साहेबांनी बोलावून चहा मागवला. साहेब, आणि चहा! तिथेच ओळखायला हवं होतं. "बाई, तुमच्यासारखं शिकवणारं दुसरं कोणी नाही. आता सगळीकडची माणसं इथेच शिकायला येतील. वरूनच ठरलंय. शेवटी कल्पना तुमचीच ना!"
चहा संपवला. सहावा अर्ज उचलून बाहेर आले.

२९ एप्रिल
रेडिओ सकाळच्या बसने तिकडे रुजू व्हायला गेली. तिच्याजवळ लेकीसाठी बूट दिले. माप अंदाजाने घेतलंय.