रिकाम्या सापळ्याची मोजणी

२ मार्च, सकाळी ९
विभागप्रमुखांची चिठ्ठी. वीस तारखेपर्यंत निकाल दाखवा, नाहीतर प्रयोगशाळा कॉम्प्युटरवाल्यांना. सात वर्षं घासली इथे! ज्याने जन्मात एक बल्ब बदलला नाही, तो मला मुदत देणार.
संकल्प: लेझरच्या सापळ्यात धरलेले माझे पन्नास अणू एकमेकांत गुंतले आहेत, हे सिद्ध करणे. दुसरा संकल्प: चिडायचं नाही.

५ मार्च
चिडलो. पन्नास अणूंचा सगळा गुंता तपासायचा तर सूर्य विझेपर्यंत मोजावं लागेल. म्हणून आम्ही एकच आकडा काढतो. त्याला साक्षीदार म्हणतात. शून्याखाली गेला, की अणू गुंतलेले. आमचा साक्षीदार शून्याच्या वर ठाण मांडून बसलाय. फितूर.

९ मार्च
उपाय सापडला. ज्या मोजणीत अणू एकमेकांशी जुळत नाहीत, ती मोजणीच खराब. गाळायची. शंभरातल्या एक्क्याण्णव खराब निघाल्या. काय दर्जाची यंत्रं बनवतात हल्ली! उरलेल्या नवांनी साक्षीदार उणे ०.४ वर आणला.
माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी म्हणे, सापळ्यात अणू न भरता एकदा मोजून बघू. तीन वर्षं हेच टुमणं. पंचवीस मिनिटं ऐकवलं. रिकाम्या खुर्चीची साक्ष कोणी काढतं का?
ती एवढंच म्हणाली, "सर, माझा प्रबंध यावरच उभा आहे."
मग टाळ्या वाजव ना! अठरा तारखेला सभागृहात सर्वांसमोर प्रयोग; तोपर्यंत तिला प्रयोगशाळेत बंदी.

१६ मार्च
लेझर थंड ठेवणारा पाण्याचा पाइप गळतोय. तंत्रज्ञाला सगळ्यांदेखत झापलं. परवापर्यंत दुरुस्त झालाच पाहिजे, काय बंद ठेवायचं ते ठेवा, मला कारणं नकोत. घरी बायको म्हणाली, त्या बिचाऱ्यावर कशाला ओरडलात. तत्त्वाचा प्रश्न आहे, हे तिला तासभर समजावलं. तेवढ्यात जेवण गार झालं. त्यावरही बोललो.

१८ मार्च, संध्याकाळी ६
सभागृह भरलेलं. प्रयोगशाळा खालच्या मजल्यावर, बटण माझ्या हातात. आधी सत्य आणि धैर्य यांवर चाळीस मिनिटं बोललो. मग सर्वांसमोर मोजणी आणि गाळणी. उणे ०.४१! टाळ्या. विभागप्रमुख उभे राहिले.
मागच्या दारात तंत्रज्ञ, हातात पाना.
"साहेब, झालं काम. लेझर चालू करू का आता? सकाळपासून बंदच ठेवलाय, तुम्हीच म्हणाला होता."
लेझर बंद म्हणजे सापळ्यात अणू नाहीत. एकही नाही.
विभागप्रमुख खाली बसले.

१९ मार्च
विद्यार्थिनीने विचारलं, कालची मोजणी प्रबंधात घेऊ का. रिकाम्या सापळ्याची दुसरी नोंद नाही, आणि ही तर साठ माणसांसमोरची. तिच्या त्या प्रकरणाचा विषय आता अणू नसतानाही उणे आकडा देणाऱ्या गाळणीची चूक. परवानगी दिली. आभारांत माझं नाव घालणार आहे.
बायकोने विचारलं, व्याख्यान कसं झालं. म्हटलं, शेवटी कोणी चकार शब्द काढला नाही.

२० मार्च
कॉम्प्युटरवाले टेप घेऊन आले. टेबलं बसवायला भिंत मोजत होते. दोनदा मोजली, आकडे जुळेनात. मी म्हटलं, न जुळणारा गाळून टाका.
त्यांनी तिसऱ्यांदा मोजली.