दिवसाला शंभर ग्रॅम

५ मे
एक किलो मटण आज स्वतःसाठी तोललं. हाड दोनशे ऐंशी ग्रॅम, चरबी एकशे साठ, पडदे-शिरा साठ. उरलं अर्धा किलो. म्हणजे निव्वळ मांस गिऱ्हाइकाला दुप्पट भावानं पडतं. तीस वर्षं विकतोय, कुणाजवळ बोललो नाही!

तोलायची पाळी डॉक्टरांमुळे आली. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल एकशे अडुसष्ट. गोळी आजच सुरू करा म्हणाले. मी घासाघीस केली, सहा आठवडे मिळवले. तोवर खाणं सांभाळायचं, मग पुन्हा रक्त.

थोरला भाऊ बावन्नाव्या वर्षी याच दुकानात छातीत कळ येऊन गेला. हातात सुरी तशीच. मला यंदा बावन्नावं लागेल.

६ मे
डॉक्टरांची यादी — कातडी काढलेली कोंबडी, मासे. मटण आठवड्यातून एकदा, तेही मांडीचं, चरबी काढून. कलेजी नको, सॉसेज नको. दिवसाला शंभर ग्रॅम मांस. बाकी ताट भाजी-डाळीचं.

मला मांस निवडायला कागद! नुसतं बोट दाबून सांगतो, जनावर किती हिंडलेलं आहे ते. बायकोला हसू आलं नाही. तिनं यादी गल्ल्यामागं चिकटवली. गल्ल्यावर तीच बसते.

७ मे
कोंबडी, बिनकातडीची. वही चावल्यासारखी लागली.

१२ मे
बातमी गल्लीभर झाली. शाळेतल्या बाई विचारत होत्या, घरी म्हाताऱ्या वडिलांना काय न्यावं. त्यांना सांगितलं — खिमा हवा तर डोळ्यांदेखत मांडीचा करून घ्या, तयार खिम्यात चरबी किती गेली ते करणाऱ्यालाच ठाऊक. खूश होऊन गेल्या.

गॅरेजवाला मागं उभा होता. म्हणाला, शेठ, आता पालकही ठेवा. ठेवला! चार जुड्या त्यानंच नेल्या.

२३ मे
दोन नवी हॉटेलं सॉसेज मागतायत. आता रोज सकाळपासून यंत्र सुरू. आवाजावरून कळतं, मिश्रण कोरडं झालंय. पण मीठ-मिरी कानाला कळत नाही, त्याला जीभच लागते. प्रत्येक घाण्यातला तुकडा तव्यावर परतून चाखल्याशिवाय माल भरू देत नाही. आज दहा घाणे. एकही परत आला नाही.

दुपारी उकडलेला मासा आणि दुधी.

३ जून
गॅरेजवाल्यासमोर छाती ठोकून सांगितलं — चार आठवडे झाले, चरबीचा कण पोटात गेलेला नाही. तोही यादी उतरवून घेऊन गेला. बायको पैसे मोजत होती, मोजायची थांबली. माझ्याकडे बघितलं.

१६ जून
एकशे सत्तर. दोनानं वाढलं!

डॉक्टर म्हणाले, खाताय ते खरं सांगा. रागच आला. दुसऱ्याला तोलून देणारा माणूस मी, स्वतःच्या ताटात खोटं करीन? त्यांनी गोळी लिहून दिली. घेणार. पण खाण्यातली चूक कुठं, ती सापडायलाच हवी म्हणाले.

घरी आल्यावर चपला काढता काढता बायको म्हणाली, “आणि ते दिवसभर तव्यावरचं?”

मी म्हटलं, “ते चाखणं झालं. खाणं नव्हे.”

“मोठे भाऊजीही चाखतच होते.”

तिनं पाणी आणून दिलं.

१७ जून
बायकोनं तव्याशेजारी रिकामी वाटी ठेवली. मी जेवढं तोंडात टाकलं, तेवढंच ती वाटीत टाकत गेली. जेवायला उठायच्या आधी वाटीतलं तोललं.

दोनशे चाळीस ग्रॅम.